टाकीतला अर्जदार

स्वतःच्या घरावर, स्वतःच्या पसंतीने बसवलेल्या पाण्याच्या टाकीत बुडून मरण्याची वेळ आळंद तालुक्यात माझ्याखेरीज अन्य कोणा घरमालकावर आल्याचे माझ्या ऐकिवात नाही. आली असल्यास संबंधिताने कृपया पुढे यावे. मला बोलायला माणूस हवा आहे.

प्रथम माझी ओळख. तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली टेबल टाकून मी अर्ज लिहितो. फेरफार असो, रेशन असो, तुंबलेले गटार असो वा न नांदणारी बायको असो. माझ्या लेखणीतून कोणताही विषय, कानडीत अथवा मराठीत, मागाल तसा, इभ्रतीने साहेबांच्या टेबलापर्यंत पोहोचतो. शाळा मी दहावीच्या अलीकडेच सोडली. (शाळेचे म्हणणे निराळे आहे. ती म्हणते, आम्ही सोडले.) तथापि चांगले पदवीधर लोक माझ्यासमोर स्टुलावर बसून अर्ज लिहवून घेतात, यावरून काय समजायचे ते वाचकांनी समजावे. माझा एक नियम आहे. मागणी पहिल्या ओळीत करायची नाही. आधी साहेबांचा मान, मग अर्जदाराचे नाव, बापाचे नाव, धंदा, राहणार, मग हकीकत, आणि साहेब पुरते मऊ झाले म्हणजे सर्वांत शेवटी मागणी. याच नियमावर माझा संसार चालला आहे, आणि याच नियमामुळे तो आटोपण्याच्या बेतात आला होता.

कचेरीला सुट्टी असली की मी घर दुरुस्त करतो. तो माझा छंद आहे. घरात काही बिघडलेले असलेच पाहिजे अशी माझी अट नसते. दाराला मी स्वहस्ते रंधा मारल्यापासून ते इतके हलके लागते की बंद असतानाही मांजर खालून ये-जा करते. बाहेरची घंटी मीच जोडली. ती दाबली की वाजत नाही, परंतु स्वयंपाकघरातला दिवा जातो, आणि पाहुणे आल्याचे त्यावरून बरोबर समजते. असे असताना आमच्या सौभाग्यवती महानंदा यांनी मजवर अविश्वास का दाखवावा?

"अहो, ह्या टायमाला टाकी धुवायला माणूस बोलवा," त्या त्या दिवशी सकाळी म्हणाल्या. "तुमी आत उतरू नका."

"घरच्या टाकीला बाहेरचा माणूस?"

"उतरू नका म्हणलं ना! शपथ घ्या."

"घेतली."

"माझ्या गळ्याची घ्या."

घेतली. त्या शेजारी शरणप्पा अण्णांकडे पापड लाटायला गेल्या. शरणप्पा अण्णा हे आमचे शेजारी, तुरीच्या डाळीचे व्यापारी. त्यांची गच्ची आणि आमची गच्ची यांत एका कमरेएवढ्या कठड्याचे अंतर. घरात राहिलो मी आणि अक्का.

अक्का म्हणजे माझी आत्या. वडील तिला अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणतो. आमच्या भागात बाप ज्या माणसाला ज्या नावाने हाक मारतो त्याच नावाने पोरेही मारतात. नाते काय ते मागाहून समजते. आमच्या रीतीप्रमाणे वडिलांना बसवून माती दिली, त्याला बरीच वर्षे झाली. जमीन त्यांनी काकांच्या नावे केली आणि मला आपला आवाज ठेवला. मी खोकलो तरी जुनी माणसे दचकून मागे पाहतात.

आता टाकीविषयी. गल्लीत सर्वांच्या टाक्या बुटक्या आहेत. मी मुद्दाम उंच घेतली. लांबून पाहणाऱ्याला कळले पाहिजे की इथे कोणीतरी राहते. ती माझ्यापेक्षा उंच आहे ही गोष्ट विकत घेताना अभिमानाची वाटली होती. (मी फारसा उंच नाही. तसे रुंदीत भरून काढले आहे.) आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. आलेले पाणी अंगणातल्या हौदात पडते, तिथून मोटरीने टाकीत चढते. नळ उद्या येणार अशी माझी खात्री होती. नळाची नव्हती.

घरातले सगळे नळ उघडे टाकून मी टाकीतले उरलेसुरले पाणी काढून दिले. उन्हाने स्लॅब तव्यासारखा तापला होता, म्हणून दारातल्या चपला पायात घालूनच वर गेलो. स्टूल लावले. खराटा आत टाकला. दोन्ही हात देवाला जोडतात तसे डोक्यावर धरले, छातीतला वारा सोडला आणि टाकीच्या तोंडात शिरलो. पोटापाशी क्षणभर मतभेद झाले. परंतु वजन हे खाली जाण्याच्या कामी फार उपयोगी पडते. सुर्रकन आत गेलो.

आत गार हिरवट उजेड होता. शेवाळ, कुबट वास, आणि एका मेलेल्या पालीचे जे काही शिल्लक राहते ते. मी मन लावून घासले. भिंती घासल्या, तळ घासला, मधून मधून स्वतःचे कौतुक केले. सर्व चकचकीत झाल्यावर मी वर पाहिले, हात वर केले आणि उडी मारली.

हात कोपरापर्यंत बाहेर गेले. बाकीचा मी आतच राहिलो.

पुन्हा उडी मारली. ओल्या तळावर पाय घसरला आणि नुकत्याच घासलेल्या जागी बसलो. बादली पालथी घालून तिच्यावर उभे राहता आले असते, यात शंका नाही. बादली बाहेर होती. स्टूल बाहेर होते. चपला बाहेर होत्या. विचारपूर्वक बाहेर ठेवलेल्या वस्तूंमध्ये फक्त मी नव्हतो.

इथून भीतीला प्रारंभ झाला. आधी ती महानंदाची होती. ओरडावे तर त्या येणार, आणि गळ्याची घेतलेली शपथ टाकीच्या तळाशी उभी असलेली त्यांना दिसणार! म्हणून मी गप्प राहिलो. ऊन चढू लागले. मघाची गार टाकी हळूहळू डाळ शिजवण्याच्या भांड्यासारखी झाली. घाम डोळ्यांत, श्वास अपुरा, आणि स्वतःच्या काळजाचे ठोके चारी बाजूंनी प्लास्टिकवर आपटून परत अंगावर येऊ लागले. तेव्हा महानंदाची भीती मागे पडली आणि खरी भीती पुढे आली.

इतक्यात माझ्या पायाशी कोणीतरी खोकले.

माझी दातखीळच बसली! टाकीत मी एकटा. मग लक्षात आले. पाणी खाली नेणारा जो पाइप, त्याचे भोक तळाशी होते. पाइप रिकामा, खाली न्हाणीतला नळ उघडा. आणि न्हाणीत बसून अक्का राखेने तांब्या घासत होती. मी गुडघे टेकले, गाल तळाला लावला, भोकाशी तोंड नेले आणि जितक्या मायेने हाक मारता येईल तितक्या मायेने मारली.

"अक्का!"

तांब्या पडल्याचा आवाज आला. 

"अक्का, अगं अक्का! ऐकायलीस का?"

"शिवा शिवा शिवा," नळातून कापरा आवाज वर आला. "गुरू? गुरुनाथ? तू व्हय रे?"

गुरुनाथ हे माझ्या वडिलांचे नाव.

"अक्का, मी टाकीत आहे!"

"टाकीत? तुला तर मातीत बसवलं होतं की रे! टाकीत कवा गेलास?"

"अगं मी गुरू नाही, सिद्राम आहे! तुझा भाचा!"

"सिद्राम कचेरीला गेलाय. दारात चपला न्हाईत त्याच्या. खोटं कामून बोलायलास रे? जिता होतास तवा कधी खोटं बोलला न्हाईस."

"अक्का, मी हात जोडतो. गच्चीवर ये, नाहीतर कोणाला तरी पाठव!"

"न्हाई यायची मी! मेलेल्या माणसानं बोलावलं तर जायचं नसतंय, एवढं मला बी कळतंय." मग आवाज जरा खाली आला. "आन आलाच हाईस तर ऐक. तुझ्या पोराला काय तरी सांग. दिसभर हातोडी घेऊन फिरतंय. चांगलं दार होतं, मांजराला घर करून ठिवलं. घंटी दाबली की चुलीपाशी अंधार! महानंदा म्हणून टिकली, दुसरी असती तर कवाच माहेरी गेली असती. आन बोलणं तर बाबा… मीठ मागायचं झालं तरी आधी आजापासनं सुरुवात करतंय!"

"अक्का—"

"खोटं सांगायलेय का मी? तूच सांग. बिनकामाचं हाय का न्हाई?"

मनुष्य आयुष्यात पुष्कळ अपमान सोसतो, परंतु ते सोसताना गाल शेवाळावर ठेवावा लागत नाही. मी संतापाने म्हणालो, "अक्का, तो आळंद तालुक्यातला नावाजलेला लेखक आहे!"

"बाप हाईस म्हणून म्हणायलास," अक्का म्हणाली.

आणि ती उठली. जरा वेळाने परत आली. नळापाशी काही खुडबुड झाली. (तिने नळाला विभूतीचे तीन पट्टे ओढले होते, हे मागाहून कळले.) मग "शांतीनं जा रे बाबा आता" असे म्हणून तिने नळाच्या तोंडात चिंधी कोंबली. पायाशी असलेले भोक एकदम मुके झाले. जगाशी माझा जो एक धागा होता तो मृतात्म्याच्या शांतीसाठी तोडण्यात आला.

मी उभा राहिलो. आता लाज सोडून ओरडायचे, असे ठरवले. तोंड उघडले. त्याच क्षणी गल्लीच्या त्या टोकाकडून बायकांचा कल्लोळ उठला.

"नळ आलाऽऽ! नळ आला गं!"

वाचकहो, आठवड्यातून एकदा ही आरोळी ऐकून माझ्या अंगावर आनंदाने मूठभर मांस चढते. त्या दिवशी ते सर्व उतरले. घागरी खणखणल्या, दारे आपटली, सगळी गल्ली धावू लागली. आणि या गोंगाटात माझ्या ओरडण्याची किंमत ती काय? आमच्या घरचा नियम मीच घालून दिला होता: नळ आला की कोणाची वाट पाहायची नाही, कोणाला विचारायचे नाही, हातातले काम टाकून आधी मोटर चालू करायची. हा नियम मोडल्याबद्दल मी महानंदाला एकदा अर्धा दिवस व्याख्यान दिले होते. व्याख्यान प्रभावी झाले असणार. त्या पिठाच्या हातांनीच धावत आल्या, भराभर सगळे नळ बंद केले, आणि खटका दाबला.

वरच्या पाइपात आधी गुरगुर झाली. मग एक गंजट उचकी. मग धो धो!

गार पाण्याची जाड धार बरोबर माझ्या टाळूवर पडली. मी बाजूला सरलो. बाजू फारशी नव्हती. घोटे बुडाले, पोटऱ्या बुडाल्या, गुडघे दिसेनासे झाले. मला पोहता येत नाही. आमच्याकडे पोहण्याएवढे पाणी बघायला मिळत नाही. ते एकदाच मिळाले ते असे. "बंद करा! मोटर बंद करा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, आणि बेंबीही पाण्याखाली गेली.

मग मी विजेला शरण गेलो. आमच्या भागात दुपारी वीज जाते. न चुकता जाते. त्याविरुद्ध मी इतके अर्ज लिहिले आहेत की खात्यातले लोक माझे हस्ताक्षर ओळखतात. त्या सर्व अर्जांबद्दल मी टाकीत उभा राहून मनोमन क्षमा मागितली. एकदा जाऊ दे माय, जरा वेळ जाऊ दे! परंतु माझ्या अर्जांवर अंमल नेमका त्याच दुपारी झाला. वीज अशी अखंड राहिली की मोटरीच्या सुरात कुठे कंपसुद्धा नव्हता.

पाणी छातीला आले. हाती फक्त खराटा होता. तो मी टाकीच्या तोंडातून वर काढला आणि प्राणपणाने हलवू लागलो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. कोणी तरी बघा! कोणी तरी या!

बघितले. शरणप्पा अण्णांनी बघितले.

ते त्याच वेळी आपल्या गच्चीवर काठी घेऊन उभे होते. बायका नळाला धावताना वाळत घातलेले पापड त्यांच्यावर सोपवून गेल्या होत्या, आणि पापडांना वानरांचा मोठा उपद्रव. आमच्या टाकीच्या तोंडातून एक केसाळ शेपूट बाहेर येऊन थयथय नाचते आहे, हे पाहून त्यांनी कठड्यावरून उडी मारली. पावले धावत जवळ आली. मला आनंदाने हुंदका फुटला.

फाडकन काठी खराट्यावर बसली!

"हाड्! हाड्!" शरणप्पा अण्णा गर्जले. "वैनी, तुमच्या टाकीत वानर शिरलंय! पाणी बाटवायलंय! भिऊ नका, मी कोंडून टाकतो!"

आणि त्यांनी झाकण लावले. लावले ते लावले, वर स्वतः बसले. शरणप्पा अण्णा हे डाळीचे पोते एकटे उचलणारे गृहस्थ आहेत.

अंधार. इतका काळा अंधार मी पूर्वी पाहिला नव्हता. कानात मोटर, डोक्यावर धार, खांद्यावर पाणी, आणि त्या सर्वांच्या वर शरणप्पा अण्णा. माझी मती गुंग झाली. अशा वेळी माणसाच्या तोंडून देवाचे नाव निघते म्हणतात. माझ्या तोंडून जे निघाले ते मी आयुष्यभर रोज लिहीत आलो तेच.

"मेहेरबान शरणप्पा अण्णा, डाळीचे व्यापारी, यांच्या सेवेशी," मी आतून अंधाराला म्हणालो, "खाली सही करणार यांचा सविनय अर्ज असा की—"

वरचे वजन ताडकन उठले.

"अय्यो!" शरणप्पा अण्णा ओरडले. "वैनी, वानर अर्ज द्यायलंय!"

"—की अर्जदार नामे सिद्राम वल्द गुरुनाथ, धंदा अर्जनवीस, राहणार आपल्या शेजारी—"

"कोण? रायटर साब?" झाकणाला कान लावल्यासारखा आवाज जवळ आला. "रायटर साब, तुमी हाव का आत?"

"—हा गेली अनेक वर्षे आपल्याशी सलोख्याने राहत असून—" पाणी हनुवटीला लागले.

"मुद्द्याचं बोला की हो!"

"—त्यास आजवर आपणाविषयी कसलीही तक्रार—" एक घोट नाकात गेला. मी नियम मोडला. आयुष्यात प्रथमच मोडला. "झाकण काढाऽऽ!"

झाकण निघाले. उजेड आला, आणि त्या उजेडात शरणप्पा अण्णांचा आ वासलेला चेहरा.

"आत काय करायलाव तुमी?"

"मरायलोय!" मी म्हणालो. (शुद्ध भाषा नाकात पाणी जाईपर्यंतच टिकते, हा माझा अनुभव आहे.)

आणि मग माझे पाय सुटले. तळ सुटला. मी मेलोच असे समजून डोळे घट्ट मिटले. परंतु मी खाली जाईना. मी वर चाललो होतो! ज्या पाण्याला भिऊन मी अर्धा झालो होतो ते मला मांडीवर घेतल्यासारखे उचलत होते. भोपळ्यासारखा वर वर आलो, डोके बाहेर निघाले, खांदे निघाले, हात निघाले. शरणप्पा अण्णांनी बगलेत हात घालून ओढले. छाती निघाली. मग पोट आले, आणि पोटाने तोंड गच्च भरून टाकले. जाताना श्वास सोडून गेलो होतो. येताना दोन तांबे पाणी पिऊन आलो होतो.

बाटलीच्या बुचासारखा मी उभा. खाली मोटर चालू. टाकी तुडुंब, वरच्या बाजूच्या भोकातून पाणी धो धो गच्चीवर.

"वैनी, मोटर बंद करा!" शरणप्पा अण्णा खाली वाकून ओरडले.

"ऱ्हाऊ द्या अण्णा!" खालून महानंदा. "गच्ची धुवून निघंल! वानर गेलं का?"

"वानर न्हाई! तुमचं मालक हायत टाकीत!"

"काय तरीच तुमचं! त्यांनी शपथ घेतलीया, आत उतरणार न्हाई म्हणून!"

माझ्या शब्दावर त्यांचा इतका विश्वास आहे हे मला त्याच दिवशी प्रथम समजले. फार वाईट वेळी समजले.

"अगंऽऽ!" मी ओरडलो.

मोटर थांबली. जिन्यावर पावले वाजली, आणि पिठाने माखलेले हात कमरेवर ठेवून महानंदा समोर उभ्या राहिल्या. त्यांनी टाकी पाहिली. टाकीवर ठेवलेला अर्धा नवरा पाहिला. आजूबाजूच्या गच्च्यांवर, नळ सोडून, एकेक घागर कडेवर घेऊन सगळी गल्ली जमली होती.

"शपथ घेतली होती ना?"

"आत उतरणार नाही अशी घेतली होती," मी शक्य तितक्या गांभीर्याने म्हणालो. "सध्या मी वर चढत आहे."

त्यांनी पिठाच्याच हाताने डोळे पुसले. "जीव गेला असता म्हंजे?" त्या हळू म्हणाल्या. मग गच्चीवरून शरणप्पा अण्णांच्या बायकोला हाक मारून म्हणाल्या, "ताई, पापडाचं करडीचं तेल द्या हिकडं!"

तेल आले. ते माझ्या पोटाभोवती सढळ हाताने सोडण्यात आले. एका बगलेला शरणप्पा अण्णा, दुसऱ्या बगलेला महानंदा. "श्वास सोडा!" "सोडला!" "अजून सोडा!" "संपला!" दोघांनी हिसका दिला आणि मी असा काही आवाज करून बाहेर निघालो की दोन गच्च्या पलीकडची एक घागर हातातून सुटली. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मी नमस्कार केला. सवय आहे.

मग महानंदांनी टाकीत डोकावले. आत आठवड्याचे पाणी होते. त्यावर करडीच्या तेलाचा तवंग होता, शेवाळाचे तुकडे होते, खराट्याच्या काड्या होत्या, आणि मी इतका वेळ त्यात होतो ही गोष्ट तर होतीच. नळ पुन्हा आठवड्याने येणार. सगळे पाणी सोडून द्यावे लागले. सात घरच्या घागरींवर आमचे आठ दिवस निघाले, आणि प्रत्येक घागरीबरोबर देणाऱ्या बाईने वानराची प्रकृती विचारली.

संध्याकाळी अंगाला उटणे लावूनही तेल सुटेना म्हणून मी न्हाणीच्या दारात बसलो होतो. अक्का जवळ आली आणि कुजबुजली, "सिद्राम, तुझा बाप आला होता. नळात."

"अक्का, तो मी होतो. टाकीतून मीच बोलत होतो."

तिने मला नीट निरखले. मग मान हलवली.

"तू? व्हय तर! तो किती मायेनं हाक मारायला होता मला. अक्का, अगं अक्का, ऐकायलीस का म्हणून. तू ह्या घरात एवढी वर्सं हाईस, एकदा तरी असा बोलावलास का रे?"

मी वाद घालण्यात वाकबगार आहे. कचेरीत भल्याभल्यांना निरुत्तर केले आहे. त्या दिवशी मी खाली मान घालून पुन्हा उटणे चोळू लागलो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो अक्का न्हाणीत पाट मांडून नळासमोर बसलेली. चिंधी तिने स्वतःच काढली होती. "गुरू," ती नळाला म्हणत होती, "रागावलास का रे? बोल की." मग तिने नळाला कान लावला.

तेव्हापासून, नळ यायच्या आदल्या दिवशी टाकी कोरडी झाली म्हणजे, मी गुपचूप गच्चीवर जातो. टाकीचे झाकण काढून ते शरणप्पा अण्णांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवतो. फक्त डोके आत घालतो. बाकीचा मी बाहेर असतो, आणि महानंदा माझा सदरा मागून मुठीत घट्ट धरून बसतात. "अक्का," मी हाक मारतो. खालून ती गल्लीतल्या बातम्या सांगते, गुडघ्यांचे सांगते, सांडग्यांचे सांगते, आणि शेवटी न चुकता विचारते, "तुझं पोरगं बिनकामाचं हाय का न्हाई? तूच सांग."

आणि बाप या नात्याने मला दर आठवड्याला ते मान्य करावे लागते.